ललिताबाईसाहेबांनी पाच मार्क मोडिले त्याची हकीकत

आधी श्रीगणेशास दंडवत, मग गावदेवीस, आणि मग चुलीस; चुलीवाचोन ही हकीकत शिजत नाही. मौजे आसगाव, परगणा पवनी, सुभा भंडारा येथील अखंडधानलक्ष्मीअलंकृत ललिताबाईसाहेब यांचे पदरी एक जर्मन नाणे होते. पाच मार्कांचे, वर गरुड. पवनीचे स्तूप पाहावयास आलेल्या गोऱ्या साहेबाने बाईसाहेबांचे हातची वांग्याची भाजी चापोन, डोळे पुशीत, ते नजर केले, आणि त्याचा डंका बाईसाहेब पंचवीस वर्षे वाजवीत आल्या.

मग एके दिवशी सूनबाई डिंपलराणी यांनी मोबाइल नामे हेराकडोन खबर काढिली की, जर्मन मुलुखी मार्काची पातशाही बुडाली आणि युरोचा अंमल बैसला.

"युरिया?" बाईसाहेब बोलिल्या.

तेव्हा खाविंद मधुकररावसाहेब खाटेवरोन पडेतो हसले, आणि भर ओसरीत फर्मान सोडिले की, "पाच मार्कात तं चाचणीतबी कोनी पास होत नाही! हे मोडून दाखव, उद्यापासून चहा मी मांडतो. नाही तं त्या साहेबाचं नाव पुन्हा काढाचं नाही!"

बाईसाहेबांनी हिशेब केला: साहेबच गेला तर सांगावे काय? मग पदर खोवोन, नाणे बटव्यात कैद करोन, खासा स्वारी यष्टीने भंडाऱ्यावर चालोन गेली, आणि बँक नामे किल्ल्यास भिडली. काचेच्या बुरुजाआडोन कारकुनाने जाब दिला, "मावशी, हे इथं नाही चालत. जर्मनीतच बदलून भेटते."

"मंग तिकडची यष्टी किती वाजता हाय?"

कारकुनाने पुढचा नंबर पुकारिला, आणि किल्ला काही पडला नाही. बाईसाहेब शिकस्त खावोन परतल्या, तो गावचे वेशीवर कामिनी भांडेवाली, डोईवर चकचकीत अॅल्युमिनियमच्या, म्हणजे गावबोलीत जर्मनच्या, गंज-पातेल्यांची टोपली, आरोळी ठोकीत होती, "जुनं द्या, जर्मन घ्याऽऽ!"

बाईसाहेब जागीच थबकल्या. "काहो, जुनं जर्मन देलं तं नवं जर्मन देता का?"

कामिनीने नाणे उलथोन पाहिले. बांधाबांधाने गावोगाव हिंडणारीस सापाचे भय, आणि गरुड गळ्यात असला म्हणजे नाग वाट सोडतो, ऐसा तिचा भाव. ती बोलिली, "घ्या हा गंज, काकी. पन झाकन नाही भेटनार."

मग झाकणावरोन ऐसे रण माजले की तुमसरच्या राइस मिला थांबल्या आणि गोसीखुर्द धरणाचे पाणी आपोआप दारांवरोन सांडले. अखेर झाकणही हाती आले.

दुसरे दिवशी मधुकररावसाहेब खासे चुलीपाशी रुजू जाहले, त्याच जर्मनच्या गंजात चहा उकळिला, आणि बाईसाहेबांनी खाटेवर मांडी ठोकोन साहेबाची गोष्ट पहिल्यापासोन सुरू केली, मधेच हुकूम की, "आलं टाका!"

येणेप्रमाणे जर्मन जावोन जर्मन आले, मोहीम फत्ते जाहली. चहा फिका होता, हेही नमूद असे.