महादूकाकांची घासाघीस

वाढदिवसाला पाया पडून मी म्हटलं, "काका, शंभर वर्षं जगा." महादूकाका म्हणाले, "एकशेपाच कर. शंभरात नाय परवडत."

बोईसरच्या आमच्या रंगाच्या कारखान्यात काका मालवाहतूक बघतात. राहतात सरावलीला. घासाघीस अंगात इतकी मुरलेली, की डॉक्टरांनी दोन दाढा काढायला सांगितल्या तेव्हा "एकीवर मिटवा" म्हणाले. आणि मिटलं! समोरच्याने काहीही सांगो, काकांचं पहिलं उत्तर ठरलेलं: "बघतो."

गेल्या वर्षी साहेबांच्या मनात आलं, ट्रक ठरवायचं काम संगणकानेच करावं. आमचा प्रोग्राम इंटरनेटवरून वाहतूकवाल्यांच्या प्रोग्रामला विचारणार, गाडी कधी देता, किती वेळात पोचवता. दोघं आपसात ओढाताण करून करार करणार. मध्ये माणूस नाही. प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे आलं, त्याला घासाघीस शिकवायचं काकांकडे.

पहिला करार तीन सेकंदांत झाला. काका दुखावले.

"झालं? चा नाय, पाणी नाय, घरची कशी हायत नाय! ह्याला सांग, पयल्या जबाबाला 'बघतो' म्हणायचं. समोरचा आपसूक नरमतो."

मी तसं लिहिलं. पण उमरोळीच्या वाहतूकवाल्यांच्या प्रोग्रामलाही कोणीतरी हेच शिकवलेलं. आमचा म्हणाला, बघतो. त्यांचा म्हणाला, बघतो. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत दोघं एकमेकांकडे बघत राहिले. डबे फाटकाशी रचून पडलेले, आणि साहेब आमच्या कुठल्याच डब्यात न मिळणाऱ्या लाल रंगाचे झालेले.

शेवटी काकांनी उमरोळीला फोन लावला. "शेवंताताई, तुमच्या मशीनला ही खोड कोणी लावली?"

"मीच! तुमच्याकडनंच शिकली. वीस वर्सं आयकते."

ट्रक आला, माल भरून गेलासुद्धा, तरी काकांचा फोन चालूच.

"काका, मुद्द्याचं तर दोन मिनिटांत होतं," मी नंतर विचारलं. "एवढं ताणता कशाला?"

"पोरी, सौदा जमला की माणूस फोन ठेवतो," काका म्हणाले. "काकी गेल्यापासून घरात बोलायला कोण हाय?"

प्रोग्राम मात्र दुरुस्त करावाच लागला. करार झटपट व्हायला लागले आणि काकांच्या टेबलावरचा फोन गप्प झाला. काका कागद नीट लावायचे, विस्कटायचे, पुन्हा लावायचे.

परवा दुपारी तो फोन वाजला.

"बोला शेवंताताई. गाडी अडली काय? ... नाय? मग काम काय हाय?" काका थांबले. "असाच केला?"

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.

"हां, जेवलो ना," ते हळू म्हणाले. "वरणात मीठ जरा जास्त पडलं."

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.