सगळी दुकानं काकूंच्या अंगणात

"संध्याकाळपर्यंत सगळ्या दुकानांच्या जागा कंपनीच्या ॲपमध्ये नोंदवल्या नाहीस, तर उद्यापासून कामावर येऊ नकोस!" कंपनीच्या नेबोयशासाहेबांनी फोनवर सुनावलं आणि रादोयेने हातातला घास खाली ठेवला.

आज संत निकोलाचा दिवस, म्हणजे विदोसावाकाकूंच्या घरचा स्लावा. घराण्याच्या संताच्या या सणाला आमच्या सर्बियात कुणी कुणाला आमंत्रण देत नाही. ज्याला यायचं तो येतो आणि पोटभर जेवूनच जातो. डोंगरातले सगळे दुकानदार दुकानं बंद करून काकूंकडे जमले होते. त्यांना साबण-तेल विकणारा रादोयेही त्यांच्याच पंगतीत होता. बंद दुकानांसमोर बर्फात एकटाच जाऊन काय उभा राहणार?

'तुम्ही ग्राहकापाशी आहात का?' ॲपने विचारलं.

रादोयेने शेजारी बसलेल्या दुकानदार मिलुतिनच्या खांद्यावर हात ठेवला. "आहे की!" म्हणाला आणि बटण दाबलं. फोन जिथे होता, तीच जागा ॲपने मिलुतिनच्या दुकानाची म्हणून नोंदवली. मग एकेकाच्या खुर्चीमागे जाऊन त्याने सगळ्यांच्या जागा नोंदवून टाकल्या. खोटं एक अक्षर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचे ट्रक ॲपमधल्या जागा बघत निघाले आणि एकामागोमाग एक काकूंच्या अंगणात येऊन थांबले. अख्ख्या डोंगराचा साबण तिथे उतरला. स्लाव्याचा दुसरा दिवस होता, घर अजून उघडंच होतं.

"काकू, माल चुकीच्या जागी आलाय," एक ड्रायव्हर म्हणाला.

"माल चुकीच्या जागी आला असेल, तू बरोबर आलायस. बूट झटक आणि आत ये."

ड्रायव्हर जेवले, वर रकिया ही फळांची कडक दारूही प्यायले. प्यायलेल्यांनी गाडी चालवू नये म्हणून काकूंनी लगेच त्यांच्याकडून ट्रकच्या किल्ल्या घेऊन स्वतःच्या खिशात टाकल्या. आता ट्रकही अडकले. दुपारी स्वतः नेबोयशासाहेब गाडी घेऊन आले, रागाने लालबुंद.

"कुठंय तो रादोये?"

"आधी स्लाव्याचा हा शिजवलेला गोड गहू घे बाळा." काकू म्हणाल्या. " तो तोंडात असताना भांडू नये."

साहेबांनी चमचाभर घेतला. मग भट्टीत भाजलेला पांढरा घेवडा आला, मासा आला. या बाईचं कौतुक करावं तेवढं थोडं. रादोयेची बाजू घेणारा एक शब्द तिने काढला नाही, नुसती वाढत राहिली. कोपऱ्यात रादोये मात्र पांढराफटक पडून बसला होता. घरी दोन लेकरं, आणि डोंगरात दुसरी नोकरी कुठली?

शेवटी साहेब ताडकन उठले. "रादोये!" ते गरजले.

त्याच क्षणी काकूंनी त्यांच्या हातात भरलेला पेला ठेवला. स्लाव्याला पेला घेऊन कुणी उभं राहिलं, की तो शुभेच्छाच देणार. सगळी पंगत खुर्च्या सरकवून उठली. पेले वर गेले. ड्रायव्हरही उभे राहिले. सगळे साहेबांच्या तोंडाकडे बघू लागले.

"रादोये," साहेबांचा आवाज उतरला, "आजपासून तू..."

साहेबांनी वर गेलेल्या पेल्यांवरून नजर फिरवली.

"...आजपासून तू सुखात राहा. शंभर वर्षं जग. आणि... आमच्याच कंपनीत राहा!"

"जिवेली!" म्हणत सगळ्यांनी पेले भिडवले आणि घर दणाणलं. रादोये रडायलाच लागला.

साहेब खाली बसले आणि काकूंच्या कानाशी लागले. "काकू, मला वेगळंच बोलायचं होतं हो."

"ठाऊक होतं मला," काकू म्हणाल्या. "अजून एक मासा घे."