फुगाजीबाबांची कुंडलिनी

एका जंगलात, आता जंगल कसलं म्हणा, चार करवंदीच्या जाळ्या आणि एक आटलेलं डबकं, तिथं फुगाजी नावाचा बेडूक चिखलाखाली झोपला होता. उन्हाळा झोपून काढायचा आणि पाऊस आला की उठायचं, ही त्यांच्या घराण्याची रीतच होती. खाणं नाही, पिणं नाही. गळा तेवढा हलायचा.

तर बाळांनो, तिथं कंद उकरायला आली लंकाबाई वानरीण. कंदाऐवजी हाताला लागला फुगाजी.

"अगं बाई! हा तर समाधी लावून बसलाय!"

लंकाबाई साधीसुधी नव्हती. शेजारच्या गावात योगाचं शिबिर भरलं होतं. त्या मांडवावर बसून तिनं केळी पळवली होती आणि शब्दही. इडा, पिंगळा, सुषुम्ना. डावी नाडी, उजवी नाडी आणि मधली नाडी. त्यांतून प्राण कसा खेळवायचा, ते सगळं तिला तोंडपाठ.

तिनं फुगाजीला उचललं आणि नेऊन बसवलं एका वारुळावर. का? तर शिबिरातले गुरुजी उंचावर बसायचे म्हणून.

झालं! जनावरं जमली, किडामुंगी जमली.

"बाबा नुसत्या प्राणावर जगतात," लंकाबाई म्हणाली. "दर्शनाला येताना केळी आणा."

"बाबा केळी खातात?" सशानं विचारलं.

"नाही ना खात. म्हणून तर मला खावी लागतात."

इकडे फुगाजीची झोप मोडली होती आणि पोटात आगडोंब उसळला होता. तो हळूच म्हणाला, "लंकाबाई, एखादा किडा बघा ना. जीव जायची पाळी आलीय."

"शूऽऽ! प्राणावर जगणाऱ्याला कसली भूक? खाताना कुणी पाहिलं, तर हीच मंडळी दगडांनी ठेचतील तुम्हाला."

पण समोर कोण बसलं होतं? पहिल्या रांगेत नाकतोडे. टपोरे, हिरवेगार. त्यांच्यामागं माश्या. सगळे एकेक नाकपुडी दाबून. आता माशीला नाकपुडी कुठं असते, ते मला विचारू नका. ती काय दाबत होती, ते तिचं तिला ठाऊक.

नाकतोड्यांचा म्होरक्या तात्या पुढं सरकला. अगदी वीतभर अंतरावर.

"बाबा, माझा प्राण काही केल्या मधल्या नाडीत शिरत नाही हो."

फुगाजीनं जीभ दातांत धरली असती, पण बेडकाला दात कुठले धड? सटकन गेली, सटकन आली. तात्या गायब.

फुगाजीनं डोळे मिटून घेतले. आता पहिला दगड कुठून येतो, एवढंच बघायचं.

"शिरला!" लंकाबाई किंचाळली. "तात्यांचा प्राण मधल्या नाडीत शिरला! थेट मुक्ती!"

तात्याची बायको पुढं आली. "म्हणजे आता ते परत यायचे नाहीत?"

"नाही गं बयो."

"नक्की ना?" असं म्हणून तिनं बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग काय, मुक्तीसाठी झुंबड उडाली. फुगाजी सकाळी माश्यांना मुक्त करी, संध्याकाळी नाकतोड्यांना. पोट असं सुटलं की उडी मारणं सोडा, कूस बदलणं जमेना. भूक भागली तशी त्याला वाचाही फुटली. लंकाबाईनं पढवलेलं तो स्वतःचंच असल्यासारखा सांगू लागला.

"भक्तहो, आपल्या बुडाशी एक सर्पीण वेटोळं घालून झोपलेली असते. ती कुंडलिनी. ती जागी झाली की सरसर वर चढते आणि जिवाचं सोनं होतं!"

"जागी हो! जागी हो!" सगळ्यांनी एकच गलका केला.

वारुळात कोण राहतं, ते तुमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण ही सगळी ज्ञानी मंडळी! आत धामण निजली होती. गलक्यानं ती जागी झाली आणि सरसर वर आली.

फुगाजीला बुडाशी गार लागलं. त्यानं वाकून पाहिलं. त्याचे डोळे होते त्याहून बाहेर आले.

"लंकाबाई! साप!"

"ऐकलंत?" लंकाबाई गहिवरली. "बाबांना दर्शन झालं!"

"अगं खरा साप! उचल मला!"

"खराच, खराच! डोळे मिटा रे सगळे. डावी नाकपुडी दाबा."

फुगाजीनं उडी मारायला पाय ताणले. पण आत सगळे मुक्त झालेले भक्त होते ना, त्यांनी काही उठू दिलं नाही.

मंडळींनी डोळे उघडले, तर वारुळावर धामण वेटोळं घालून बसलेली. पोटाशी एक फुगवटा. तो जरासा हलला.

"बाबा कुंडलिनीत विलीन झाले," लंकाबाईनं हात जोडले. मग केळं सोलत ती चार पावलं मागं सरकली. "चला, नव्या माताजींच्या दर्शनाला कोण येतंय? पहिल्या रांगेत उंदरांना बसू द्या."

तात्पर्य: बाळांनो, श्रद्धा कधी सोडू नये. पुढची जागा मात्र नेहमी दुसऱ्याला द्यावी.