आदी काटा शून्यावर

आमच्या कोल्हारात शेजाऱ्याच्या फाटकाची कडी काढण्याआधी लेखी परवानगी मागणारा माणूस एकच आहे, आणि तो माझाच शेजारी आहे. मी दात घासत असताना नाना फाटकाबाहेर कागद घेऊन उभे राहतात.

"मास्तर, तुमची कडी बाहेरनं निघती का, ते तपासायचंय. हितं सही करा."

सही केल्याशिवाय ते हलत नाहीत. केली, की दोन बोटं आत घालून कडी काढतात, ओट्यावर बसतात आणि चहा पितात. "सही न्हाई तो चोर, सही हाय तो हॅकर. लई बारीक फरक हाय."

नाना साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले. उभा जन्म उसाच्या गाड्या तोलण्यात गेल्यामुळे जो तो आपल्याला फसवायलाच निघालाय, यावर त्यांचा पक्का विश्वास आहे, आणि गंमत म्हणजे त्याबद्दल कुणावर राग नाही. भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढताना वर चार पाहुणे बसलेले आणि रिकामा परत येताना पाहुणे गायब, म्हणजे पाहुणेही उसाच्या भावात, हे ते नातवाचं कौतुक सांगावं तसं सांगतात. कुठल्याही गोष्टीला हात घालण्याआधी त्यांचं एक वाक्य ठरलेलं: "आदी काटा शून्यावर आन." म्हणजे आधीचं काही धरून चालू नकोस, पहिल्यापासून बघ.

नानी गेल्या आणि घरात नाना एकटे राहिले. मुलगी वैशाली बंगळुरूला असते. कंपन्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच संगणकांत शिरायचं आणि चोर कुठून येईल ते दाखवायचं, हे तिचं काम. बाप भिंतीशी बोलायला लागेल या धास्तीने तिने आपला जुना लॅपटॉप आणि उशीएवढी जाड पुस्तकं पाठवली. "नाना, ही एथिकल हॅकिंगची परीक्षा द्या," म्हणाली. चार दिवस करमणूक होईल, एवढाच तिचा हिशेब असावा. नानांनी पुस्तकांना कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरची कव्हरं घातली आणि मोठ्याने वाचायला घेतलं. इंग्रजी ते ट्रॅक्टरवाल्याशी बोलावं तसं वाचतात, दमात घेऊन.

मग आमच्या वायफायची पाळी आली. माझी सही घेऊन नाना लॅपटॉपसकट ओट्यावर बसले. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं धावत होती आणि लॅपटॉप एकामागून एक पासवर्ड लावून बघत होता. दुपार टळली तरी कुलूप काही निघेना. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन बाहेर आली. "सूनबाई," नाना बशीत चहा ओतत म्हणाले, "वायफायचा पासवर्ड काय ओ?" तिने सांगून टाकला.

नानांनी संध्याकाळी अहवाल वाचून दाखवला. "कुलूप मजबूत हाय. घरातली मान्सं मोकळी हायेत." बायकोला ते इतकं लागलं, की पुढे बरेच दिवस ती दूधवाल्याकडे ओळखपत्र मागत होती.

परीक्षा ऑनलाइन होती. कॅमेऱ्यातून एक परीक्षक नजर ठेवणार. लॅपटॉप फिरवून सगळी खोली दाखवा, असं त्याने सांगितल्यावर नानांनी त्यालाच धारेवर धरलं. "अनोळखी मान्साला घर दाखवायचं न्हाई, तुमच्याच पुस्तकात लिवलंय. आदी तुमचं ओळखपत्र दाखवा." परीक्षक समजावत राहिला, नाना हटेनात. शेवटी परीक्षाच रद्द झाली. नाना मात्र खुशीत होते. त्यांच्या मते परीक्षक त्यांना जाळ्यात ओढायला बघत होता आणि ते सुटले. वैशाली फोनवर हसून हसून बेजार झाली आणि तिने पुन्हा अर्ज भरून दिला.

दर रविवारी संध्याकाळी ती व्हिडिओवरून त्यांची शिकवणी घेते. अशाच एका रविवारी दुपारी मी सहज विचारलं, "नाना, हे पोर्ट पोर्ट म्हणतात ते काय असतं?"

"कारखान्याची गेटं," नाना म्हणाले. "बैलगाडीचं येगळं, ट्रकचं येगळं. परत्येक गेटाला नंबर. जे गेट कुनी वापरत न्हाई आन उघडंच ऱ्हातं, तितनंच माल जातो. आपन फिरून बघायचं, कंचं उघडं हाय." माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही ते लख्ख समजलं.

संध्याकाळी बायकोने दिलेले धपाटे घेऊन गेलो, तर नाना फोनसमोर कपाळाला हात लावून बसलेले. "वैशे, ते पोर्टचं काय डोक्यात शिरंना बग. पुन्हा सांग." ती बिचारी पहिल्यापासून सांगू लागली. नाना माना डोलवत होते, मधेच मुद्दाम चुकत होते. शिकवणी पार जेवणवेळेपर्यंत चालली.

फोन बंद झाल्यावर मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. नाना धपाट्याचा तुकडा मोडत म्हणाले, "समजलं म्हनलं, का ती फोन ठिवती, मास्तर."

परीक्षा तोंडावर आली होती. पास झाले की ही शिकवणी संपणार, हे त्यांनाही दिसत होतं. "मग होऊ द्या की नापास," मी म्हणालो. नाना चिडले. "काट्यावर कदी खोटं वजन लावलं न्हाई. आता परीक्षेत लावू व्हय?"

या खेपेला त्यांनी परीक्षकाला खोली दाखवली, अगदी पलंगाखालचे कांदेसुद्धा, आणि पास झाले. आमच्या आळीला पेढे वाटले. वैशालीने फोनवरून आरडाओरडा केला. नाना हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता आणि मला ते बघवेना.

पुढच्या रविवारी मी मुद्दामच त्यांच्याकडे जाऊन बसलो. पुस्तकं कव्हरांसकट फळीवर गेली होती. फोन समोर होता आणि नाना त्याच्याकडे बघायचं टाळत होते. नेहमीच्या वेळेला तो वाजला.

"नाना, कामात आहात का?"

"आता कसलं काम गं."

"मग मला एक सांगा," वैशाली म्हणाली. "ते पोर्टचं मला काही नीट कळत नाहीये."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नाही म्हटलं, मी तिला काही सांगितलं नव्हतं. त्यांनी हळूच डोळे पुसले, फोन जवळ ओढला आणि घसा खाकरला.

"आदी काटा शून्यावर आन. हां. आता आपला कारखाना डोळ्यापुढं घे. बैलगाडीचं गेट येगळं, ट्रकचं येगळं..." सांगता सांगता आवाज चढला, हात हलू लागले. गेटं झाली, नंबर झाले, उघड्या राहिलेल्या गेटातून माल गेला.

"समजलं का?" नानांनी विचारलं.

"नाही," वैशाली म्हणाली. "पुन्हा सांगा."