गजभियेकाकांचा कूलर

गजभियेकाकांना पाणी दिलं की ते आधी पेला उजेडात धरतात. मग वास घेतात. मग आपल्याकडे बघतात. माझी बायको समोरून हललीच नाही तर नाइलाजानं एक घोट घेतात. रामदासपेठेत आम्ही कितीतरी वर्षं भिंतीला भिंत लावून राहतोय. आमच्या पाण्यानं त्यांना आजवर काहीही झालेलं नाही, पण म्हणून त्यांचा संशय फिटलाय असं मात्र नाही.

त्यांची सगळी नोकरी एसटीत तिकिटं तपासण्यात गेली. उमरेडच्या रस्त्यावर कुठल्यातरी झाडाखालून ते एकदम उगवायचे आणि गाडीला हात करायचे. निवृत्तीनंतर गाडी सुटली, नजर तीच राहिली. टरबूजवाल्यानं फोड कापून दाखवली तर म्हणणार, रंग टोचला असन. डॉक्टरनं काही झालेलं नाही असं सांगितलं तर हा लपवतोय काय, म्हणून दुसऱ्याकडे जाणार. "मले काही बरोबर नाही दिसून राहिलं, भाऊ," हे वाक्य ते कशालाही लावतात आणि ते कुठेही बसतं.

काकू गेल्या तेव्हा त्यांची मुलगी प्रज्ञा शाळेत होती. काकांनीच तिला वाढवलं. वेणीसुद्धा तेच घालायचे, आणि ती सुटेल या संशयानं इतकी घट्ट घालायचे की पोरीच्या भुवया वर चढायच्या. ही प्रज्ञा मोठी होऊन सागरी जीवशास्त्र आणि समुद्राचं रसायनशास्त्र शिकायला पार किनाऱ्यावरच्या विद्यापीठात गेली. नागपूरकराला समुद्र कुठल्याही बाजूनं लांबच. काकांना तर हा विषयच बनावट वाटत होता.

"समुद्रात शिकाले काय आहे गा?" ते मला विचारायचे. "पाणी आहे अन् मीठ आहे. दोन्ही आपल्या घरी आहे."

ती व्हिडिओवर समुद्र दाखवायची. काका डोळे बारीक करून बघायचे आणि एवढं पाणी तर आपल्या फुटाळ्याच्या तलावालाही दिसते म्हणायचे. तिला कॅमेरा डावीकडे फिरवायला लावायचे, मग उजवीकडे. समोरचा काठ सापडेना तेव्हा त्यांचा संशय आणखीच वाढला.

मागच्या मे महिन्यात प्रज्ञा सुट्टीवर आली ती समुद्राच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन. थर्मोकोलच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून तिनं त्या रेल्वेतून सांभाळून आणल्या होत्या. तिच्या जुन्या कॉलेजातून सूक्ष्मदर्शक मिळवून ती बाबांना काहीतरी दाखवणार होती. ती त्याच कामाला बाहेर पडली आणि काकांनी मला गच्चीवर बोलावलं.

गच्चीवर दोन स्टीलच्या ताटल्या होत्या. एकीत प्रज्ञाच्या एका बाटलीतलं सगळं पाणी, दुसरीत नळाच्या पाण्यात घरचं मीठ कालवून केलेला काकांचा स्वतःचा समुद्र. नागपूरचं ऊन, दुपारपर्यंत दोन्ही खडखडीत. मला पंच नेमलं होतं. मी दोन्हीकडचं मीठ जिभेवर ठेवलं. काकांचं साधं खारट, प्रज्ञाचं मागाहून कडवट.

"कडू आहे नं?" काकांनी विचारलं. "म्हणजे बाटलीतलं पाणी असली आहे, नळाचं नाही."

इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर क्वचितच पाहिला असेल. तेवढ्यात प्रज्ञा वर आली. कडूपणा मॅग्नेशियमचा, असं तिनं सांगितलं, हसलीही. मग तिनं वाळलेली ताटली उचलून हातात घेतली.

"बाबा, त्यात जीव होते," ती म्हणाली. "तुम्हाले दिसले नसते, पण होते. तेच तर दाखवणार होती."

काका त्या रात्री जेवले नाहीत असं तिनंच आम्हाला सांगितलं. सूक्ष्मदर्शकाचं जमलं नाही, कॉलेजला सुट्टी होती. जाताना ती दुसरी बाटली फेकायला निघाली, तर काका म्हणाले, राहू दे.

मे संपायच्या आतच ती परत गेली आणि तिच्यापुढे एक संधी आली. संशोधनाच्या जहाजावर महिनाभर खोल समुद्रात जायचं, पाण्याचे नमुने घ्यायचे. बाबा मनापासून हो म्हणाले तरच जाईन, असं तिनं कळवलं. काकांनी जहाजाची चौकशी सुरू केली. बुडालं तर कोण जबाबदार, तिथं बाया किती, डॉक्टर आहे की नाही. उत्तरं मिळत गेली तसे प्रश्न वाढत गेले. उत्तर द्यायची मुदत जवळ आली तरी हो काही निघेना.

आता इथून संशय घ्यायची पाळी आमची. भर उन्हाळ्यात काका आतल्या खोलीचा दरवाजा लावून घ्यायला लागले. त्यांच्याकडे एकच कूलर, तोही आत सरकवलेला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावलेला. स्वतः बाहेरच्या खोलीत, ओल्या बनियनवर, हातपंख्यानं वारा घेत. आणि भिंतीतून आतल्या खोलीतला त्यांचा हळू आवाज ऐकू यायचा.

"कोणीतरी ठेवलंय घरात," बायको म्हणाली. "त्याशिवाय एवढ्या गर्मीत कूलर कोण सोडतं?"

मी विरजण मागायच्या निमित्तानं गेलो. काका स्वयंपाकघरात वळले तसा मी आतला दरवाजा ढकलला. कूलर घरघरत होता. समोर खिडकीपाशी पातळ पडदा, त्याच्याआड स्टूल, स्टुलावर तळाशी ओलं फडकं गुंडाळलेली ती दुसरी बाटली. झाकण सैल. दुसरं कोणीही नव्हतं.

मागे काका विरजणाची वाटी घेऊन उभे होते. रंगेहाथ पकडल्यासारखे.

"प्रज्ञानं सांगतलं," ते म्हणाले. "उजेड पाहिजे, पण ऊन नको. थंड पाहिजे. एक बाटली तर मीच वाळवली नं."

"पण काका, आत काही जिवंत आहे हे कळतं कसं?"

मी बिनतिकिटाचा प्रवासी असल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पोरगी म्हणते नं," ते म्हणाले.

बस, एवढंच. ना पेला उजेडात धरणं, ना वास, ना पंच. मी त्यांच्या हातातून विरजणाची वाटी घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. प्रज्ञाच होती, जहाजाचं उत्तर तिला आज कळवायचंच होतं. काकांनी नेहमीप्रमाणे कॅमेरा फिरवायला लावला नाही.

"बाटलीतले बरे आहेत," ते म्हणाले. "तू जा. मनापासून सांगून राहिलो."

पलीकडून "खरंच, बाबा?" एवढंच आलं. मग ती रडतेय हे मलाही ऐकू आलं.

फोन ठेवल्यावर काका बाटलीच्या तळाचं फडकं ओलं करायला लागले. "बोटीवर फोन लागत नाही म्हणे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "मग घरात आवाज कोणाचा? यायच्याशीच बोलत जाईन. पोरीकडचेच आहेत."

मी घरी आलो. बायको दारातच उभी होती.

"आहे का कोणी?"

"आहेत," मी म्हटलं. "पुष्कळ आहेत. आपल्याला दिसत नाहीत एवढंच."