नखाएवढं वायफाय

जुन्या वस्तूला नवा जन्म देण्यात माझा हात धरणारा माणूस बेंगळुरातल्या अख्ख्या चामराजपेटेत नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी अजून सांगितलेलं नाही. आमचा मिक्सर तिसऱ्या मोटरवर चालतो, टेबलफॅन सायकलच्या ट्यूबच्या बुटांवर उभा आहे आणि इस्त्रीची वायर इस्त्रीपेक्षा वयानं मोठी आहे. त्यामुळे 'अप्पा, तो लॅपटॉप आता भंगारात द्या,' असं आमची उल्का म्हणाली तेव्हा मी नुसता हसलो.

उल्का हेब्बाळला एका कंपनीत कॉम्प्युटरचंच काम करते. लॅपटॉप तिच्या कॉलेजातला. चार वर्षांपूर्वी माझ्या हातून त्यावर कॉफी सांडली आणि त्याचं वायफाय गेलं. बाकी सगळं ठणठणीत. तिनं नवा घेतला आणि हा माझ्या वाट्याला आला. अजून ऊन लागलं की कीबोर्डला फिल्टर कॉफीचा वास येतो.

वायफायची गरज पडली ती आमच्या समाजाच्या मंडळामुळे. विश्वासराव एकवीस वर्षं अध्यक्ष होते. त्यांचे गुडघे गेले, म्हणून यंदाची वार्षिक सभा प्रत्येकानं आपापल्या घरून, पडद्यावर करायची ठरली. त्याच सभेत ते पद सोडणार होते आणि त्या जागी माझं नाव बिनविरोध येणार होतं. विश्वासरावांनीच सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं की जयसिंगरावांच्या तोंडून आजवर कुणाला वाकडा शब्द गेलेला नाही. खरंच गेलेला नाही. तोंडून.

आता भावी अध्यक्षानं फोनच्या टीचभर पडद्याला डोळा लावून बसणं बरं दिसत नाही. उल्काचा लॅपटॉप घ्यावा, तर 'अप्पा, तिथं नको, तिथं नको' हे सगळ्या सभेला ऐकू गेलं असतं. शनिवारी सकाळीच मी घरात जाहीर केलं की भाताला शिट्टी व्हायच्या आत लॅपटॉपला वायफाय बसलेलं असेल. कावेरी, म्हणजे आमची मंडळी, हिनं विचारलं, आजच्या भाताला की उद्याच्या? मी पिशवीत लॅपटॉप घातला आणि चिकपेटकडे निघालो.

तिथल्या एका बोळात महांतेशचं दुकान आहे. माणूस निपाणीकडचा. माझं मराठी ऐकून त्यानं आधी मला स्टूल दिलं, मग लॅपटॉप उलटा करून त्याच्याकडे असं पाहिलं जसं डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलवायच्या आधी पाहतात.

"काका, आतलं कार्ड बदलाय गेलो तर समदं उकलून हातात येईल," तो म्हणाला. "ह्यो भाइरनं लावा. काय कळणार पण न्हाई कुणाला."

त्यानं माझ्या तळहातावर एक काळी वस्तू ठेवली. करंगळीच्या नखाएवढी. ह्यात वायफाय आहे म्हणाला. मी दोनदा विचारून घेतलं. लावली की चालू, एवढं साधं काम आहे असं त्यानं सांगितलं आणि डबीत एक छोटी सीडीही टाकून दिली, लागली तर असू द्या म्हणून.

घरी आलो, नख लावलं. काही झालं नाही. पडद्यावर पाटी आली की ह्या उपकरणासाठी लागणारा प्रोग्रॅम तुमच्याकडे नाही, तो इंटरनेटवरून उतरवून घ्या. म्हणजे इंटरनेट येण्यासाठी आधी इंटरनेट हवं होतं. रेशनकार्ड काढायला गेलं की रेशनकार्डाची झेरॉक्स मागतात, त्यातला हा प्रकार.

मग महांतेशची सीडी आठवली. पण सीडीचा खण उघडेना. कॉफी तिथंही गेली होती. त्या खणाला टाचणीच्या डोक्याएवढं एक भोक असतं, त्यात तार घातली की तो बाहेर येतो, हे मला माहीत होतं. तार सापडली नाही, म्हणून मी कावेरीच्या डोक्यातला आकडा मागितला. तिनं एका हातानं अंबाडा धरला आणि दुसऱ्या हातानं आकडा दिला. खण टक्कन बाहेर आला. पाच मिनिटांत प्रोग्रॅम बसला, नखावर हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर आजूबाजूच्या सगळ्या घरांच्या वायफायची नावं रांगेनं उभी राहिली. त्यात आमचंही होतं. मी ते दाबलं. लागलं! कुकरची पहिली शिट्टी अजून व्हायची होती.

उद्याच्या सभेची लिंक मेलवर आली होती. ती बघावी म्हणून मी लॅपटॉपवरचा मेलचा प्रोग्रॅम उघडला. लगेच 'सुंई' असा आवाज झाला. मग परत सुंई. मग सुंई, सुंई, सुंई, जशी एकामागून एक पाखरं उडावीत. मला आधी फार बरं वाटलं. मशीन जिवंत झाल्याची खूण वाटली. मग खाली कोपऱ्यात बारीक अक्षरं दिसली: पाठवत आहे, एकसष्टपैकी नऊ.

आता हे मला सांगावं लागणार. मी कुणाला वाकडं बोलत नाही, पण वाकडं पोटात तर येतंच. गेली चार वर्षं असं काही झालं की मी दुपारी ह्या लॅपटॉपवर त्या माणसाला सविस्तर पत्र लिहायचो, त्याचा पत्ता घालायचो आणि 'पाठवा' दाबायचो. इंटरनेट नसल्यामुळे पत्र जायचं नाही, आउटबॉक्समध्ये पडून राहायचं. पण बटण दाबल्याचं समाधान पूर्ण मिळायचं. रक्तदाबाच्या गोळीपेक्षा गुण चांगला होता. संध्याकाळी त्याच माणसाला मी हसून नमस्कार करायचो. ही पत्रं आत जिवंत आहेत हे मी साफ विसरलो होतो.

मी बंद करायच्या फुलीवर क्लिक केलं. पडद्यानं कृपया थांबा म्हटलं. मी नख उपटलं. ते गरम लागलं. मोजलं तर अठ्ठावन्न गेली होती. राहिलेली तीन बेसिन दुरुस्तीवाल्याची होती.

दहा मिनिटांत शेजारचे रविकिरण आले. कोविडच्या वर्षी त्यांनी आमची शिडी नेली होती. त्यांनी शिडी फाटकाला टेकवली आणि आले तसे गेले. मग कावेरीचे भाऊ खंडोजी यांचा फोन आला. ते दिवाळीला दोन दिवसांसाठी येतात, नऊ दिवस राहतात आणि जाताना आमच्या टीव्हीची भाषा तमिळ करून जातात. मी ते मुद्देसूद लिहिलं होतं. त्यांनी बहिणीला फोन द्यायला सांगितलं. कावेरी पाऊण तास ऐकत होती. त्यात भात करपला.

मग तिनं माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि गेलेल्या सगळ्या पत्रांची नावं वाचून दाखवायला लावली. मी वाचली. ती बोटांवर मोजत होती. मला अध्यक्षपदापेक्षा त्या मोजण्याचीच धास्ती वाटली.

रविवारी राहिलेली तीन पत्रं पुसली, नख परत लावलं आणि सभेला बसलो. पडद्यावर चाळीस चौकोन होते आणि त्यातल्या अकराजणांना मी पत्र लिहिलेलं होतं. विश्वासरावांनी चष्मा लावून स्वतःचं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. मी लिहिलं होतं, 'आपले पूर्वज चारशे वर्षांपूर्वी घोड्यावरून बेंगळुरात आले हे मान्य. पण दरवर्षीचं तुमचं भाषण ऐकून वाटतं की ते अजून उतरलेले नाहीत.' कुणीतरी खोकलं. बहुतेक हसू लपवण्यासाठी.

विश्वासराव म्हणाले की अकराही जणांनी आपापली पत्रं एकमेकांना वाचायला दिली आहेत आणि सर्वांचं एकमत आहे. आपल्याबद्दल लिहिलंय ते धादांत खोटं आणि अन्यायाचं आहे, पण बाकीच्या दहाजणांबद्दलचं तंतोतंत बरोबर आहे. अशी नजर आणि अशी भाषा वाया घालवणं योग्य नाही. तेव्हा जयसिंगरावांनी मंडळाचा पत्रव्यवहार सांभाळावा. अध्यक्षपदाचं म्हणाल, तर पत्र वाचून विश्वासरावांच्या अंगात नवी रग आली होती. पुढची तीन वर्षं तेच राहणार होते. ठराव टाळ्यांनी पास झाला. रविकिरण आमच्या समाजाचे नाहीत, तरी खिडकीतून त्यांच्याही टाळ्या ऐकू आल्या.

मी लॅपटॉप मिटला. कावेरी मागे उभी होती.

"माझं कुठंय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, तुझ्याबद्दल मला काय तक्रार असणार.

"अठ्ठावन्न पत्रं गेली. माझ्या भावाला चार पानं. आणि छत्तीस वर्षं जिच्याबरोबर राहिलात तिच्यात लिहिण्यासारखं काहीच सापडलं नाही? म्हणजे तुमचं माझ्याकडे कधी लक्षच नव्हतं."

अशा वेळी शहाणा माणूस काहीतरी गोड बोलला असता. मी आदल्या दिवसापासून इतका दमलो होतो की तोंडून खरं निघून गेलं.

"तुला ई-मेल नाही ना."

तिनं अंबाड्यातला आकडा घट्ट खोचला. मग कानडीत 'सरी', म्हणजे बरं, असं म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी उठून बघतो, तर ती आणि उल्का लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. उल्का आईला ई-मेल उघडून देत होती आणि बोललं की आपोआप लिहिलं जातं ते कसं, हे शिकवत होती. मला हायसं वाटलं. मी दोघींना कॉफी करून दिली, लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवली. पुढचे दोन दिवस आतल्या खोलीतून कावेरीचा एका सुरातला हळू आवाज येत होता. मला वाटलं, स्तोत्र म्हणतेय. मी मुद्दाम पावलं न वाजवता वावरलो.

बुधवारी दुपारी माझा फोन वाजला. कावेरीची पहिली मेल आली होती. विषय होता: 'भाग पहिला. १९८९ ते १९९४.'