मुकुंदरावांचा डावा पंख

पिल्लं अंड्यातून बाहेर आली आणि अंग पुरतं वाळायच्या आत त्यांनी मुकुंदराव बोरस्त्यांची कोंबडी म्हणून एकमताने नेमणूक केली.

मुकुंदराव तेव्हा निफाडच्या आपल्या घरात आरामखुर्चीत बसून पेपर वाचत होते. बस स्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून माइकवरून गाड्या पुकारण्यात त्यांनी उभी हयात काढली होती. निवृत्तीनंतरही ते पेपर मोठ्यानेच वाचत, एकेक शब्द सुटा करून, शेवटच्या फलाटावरच्या म्हातारीलाही कळावा असा. घरात मात्र ते ऐकायला कोणी नव्हतं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, आणि शालनताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, कामं असत.

अंडी शालनताईंनीच आणली होती. भाच्याने दिलेलं उबवणी यंत्र त्यांनी आरामखुर्चीशेजारच्या टेबलावर मांडलं, तीन आठवडे नेमाने अंडी फिरवली, आतली पाण्याची वाटी एकदाही कोरडी पडू दिली नाही. पिल्लांसाठी प्लायवुडच्या खोक्यात भाताचं तूस पसरलं, वर बल्ब टांगला. त्यामुळे नेमणूक कानावर पडताच त्या हात पुसत बाहेर आल्या.

"काहीतरी चुकतंय," त्या खोक्यावर वाकून म्हणाल्या. "कोंबडी मी आहे."

काळ्या पाठीचं एक पिल्लू तुसातून पुढे आलं. सगळ्यांच्या वतीने तेच बोलत असे.

"आपण आम्हाला फिरवलंत त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत," ते म्हणालं. "एकाच कुशीवर राहिलो असतो तर आमच्यातले बरेच जण आज इथे नसते. पण कवचातून आवाज यायचा तो यांचा. ज्याचा आवाज, ती कोंबडी. हा नियम आम्ही केलेला नाही, पूर्वापार आहे."

"तो आवाज कांद्याचे भाव वाचत होता!"

"आम्हाला त्याने फार धीर आला," पिल्लू म्हणालं.

मुकुंदरावांनी पेपरची घडी घातली. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं होतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीत दुसरं कोणी बसलं तरी गाड्या वेळेवर सुटल्या होत्या. तेव्हापासून त्यांना कोणी कशावरही नेमलं नव्हतं.

"मला मान्य आहे," ते म्हणाले. "रुजू कधी व्हायचं?"

"झालात," पिल्लू म्हणालं.

काम अवघड होतं, पण मुकुंदराव मन लावून शिकले. पिल्लं बल्बखाली एकमेकांच्या अंगावर चढली की त्यांना थंडी वाजते आणि खोक्याच्या कडांना पांगली की उकडतं, हे त्यांना लवकरच कळलं. पेपर आता ते खोक्याशेजारी सतरंजीवर बसून वाचत. त्यांचं अंग मात्र तापू लागलं. गावातल्या डॉक्टरांनी ताप मोजला, भुवया उंचावल्या आणि त्यांना गुरांच्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या खैरनार मॅडमनी थर्मामीटर उजेडात धरून नीट पाहिला.

"माणूस म्हणून हा फार आहे," त्या म्हणाल्या. "कोंबडी म्हणून अगदी व्यवस्थित. तापाची गोळी घेऊ नका, पिल्लं गारठतील."

लस द्यायला त्या घरी आल्या तेव्हा त्यांनी प्रत्येक पिल्लाच्या डोळ्यात एकेक थेंब टाकला आणि शेवटी मुकुंदरावांनाही मान मागे करायला लावली. घरातलं कोणी सुटून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शालनताई मक्याचा भरडा दळत होत्या, पाणी बदलत होत्या, ओलं तूस काढून कोरडं घालत होत्या. नवऱ्याशी मात्र त्या कामापुरतं बोलत. "कोंबडीला चहा हवाय का?" असं स्वयंपाकघरातून विचारलं जाई, आणि मुकुंदराव "हो, अर्धा," म्हणून पेपर पुढे वाचत.

मग निफाडची थंडी पडली. सकाळी द्राक्षाच्या पानांवर दव गोठलेलं दिसलं, बागांमधून शेकोट्यांचा धूर निघू लागला, आणि अशातच गल्लीच्या कोपऱ्यावरचं विजेचं रोहित्र जळालं. बल्ब विझला. वायरमन साळवे सायकल धरून ओरडून सांगून गेला, की दुपारशिवाय लाइट येणार नाही.

खोक्यात पिल्लांचा ढीग झाला. मुकुंदराव भिंतीला टेकून बसले, त्यांनी शाल उघडली आणि म्हणाले, "या."

पिल्लं आली. उजव्या कुशीत जितकी मावली तितकी मावली. डाव्या बाजूची तशीच फरशीवर कुडकुडत उभी राहिली, कारण मुकुंदरावांचा डावा खांदा गेल्या दिवाळीपासून आखडलेला होता आणि हात अंगापासून वीतभरही उचलला जात नव्हता. त्यांनी कळ सोसून पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. एक फिकट, पायाने अधू पिल्लू फरशीवर बसलं आणि त्याने डोळे मिटले.

"शालन!" मुकुंदरावांनी हाक मारली. "अगं, इकडे ये. लवकर!"

शालनताई दारात आल्या. हात पिठाचे होते.

काळ्या पाठीचं पिल्लू शालीतून डोकं काढून म्हणालं, "क्षमा करा, पण एका पिलावळीला कोंबडी एकच असते."

"मी आयुष्यात नियम मोडलेला नाही," मुकुंदराव म्हणाले. "पण कोंबडीला पंख दोन असतात ना?"

"दोनच."

"ते दोन्ही एकाच माणसाचे असले पाहिजेत, असं कुठे म्हटलंय?"

शालीच्या आत कुजबुज झाली. थोड्या वेळाने डोकं पुन्हा बाहेर आलं. "तसं कुठे म्हटलेलं नाही," ते म्हणालं.

"शालन," मुकुंदराव म्हणाले, "माझा डावा पंख होतेस का?"

शालनताई जागच्या हलल्या नाहीत. "तीन आठवडे मी अंडी फिरवली."

"ठाऊक आहे."

"एकदा तरी म्हणालात, की दमलीस का?"

"नाही म्हणालो." मुकुंदरावांनी मान खाली घातली. "तू फिरवली नसतीस तर मला कोंबडी नेमायला कोण उरलं असतं? या घरात माझं जे काही झालं, ते तू आधी उबवलंस म्हणून झालं. तुझे फार उपकार आहेत, शालन. हे मी आधी बोलायला हवं होतं."

शालनताईंनी पदराला हात पुसले. खाटेवरची गोधडी ओढली, नवऱ्याच्या डाव्या अंगाला टेकून बसल्या आणि गोधडी दोघांवर घेतली. मग त्यांनी अधू पिल्लाला उचलून कुशीत धरलं. त्याचे पाय बर्फासारखे होते. ते बराच वेळ हललं नाही. दोघं श्वास रोखून बसून राहिले.

"या बाजूला जास्त ऊब आहे," अखेर ते बारीक आवाजात म्हणालं.

उजवीकडची दोन पिल्लं तेवढ्यात डावीकडे गेली. मुकुंदरावांनी ते मनावर घेतलं नाही. पेपर हाताशी होता, तो त्यांनी वाचायला घेतला. शालनताईंनी तो पहिल्यांदाच मन लावून ऐकला आणि दोन ठिकाणी उच्चार दुरुस्त केले.

दुपारी साळवे दारात डोकावला. "काकू, लाइट आली का?"

"आली असेल," शालनताई हळू आवाजात म्हणाल्या. "बल्बचं बटण बंद आहे, बघायला उठता येत नाही. पिल्लं झोपलीत."

"बसा, बसा," साळवे म्हणाला. "खुडुक कोंबडीला उठवू नये." आणि चपला हातात घेऊन तो अनवाणी निघून गेला.

थंडी सरली. पिल्लांना पिसं फुटली, तसा शालनताईंनी बल्ब वर वर घेत शेवटी काढूनच टाकला. पिल्लं अंगणात हिंडू लागली. अधू पिल्लू लंगडत का होईना, पण सगळ्यांच्या पुढे असे. एके दिवशी काळ्या पाठीच्या पिल्लाने, ज्याला आता तुरा आला होता आणि ज्याचा आवाज फाटत होता, ओसरीवर येऊन सगळ्यांच्या वतीने कोंबडीचे, म्हणजे तिच्या दोन्ही पंखांचे, मनापासून आभार मानले. मुकुंदराव माइकसमोर उभं राहावं तसे ताठ उभे राहिले. शालनताईच म्हणाल्या, "आम्हीच तुमचे आभारी आहोत, बाळांनो."

त्या दिवशी सूर्य कलल्यावर पिल्लं परसातल्या पेरूच्या झाडावर उडून बसली. मुकुंदराव आणि शालनताई खाली उभे राहून कौतुकाने पाहत राहिले.

"अंधार पडतोय," वरून आवाज आला. "आता वर या."

"आम्ही घरात झोपतो," मुकुंदराव म्हणाले.

"जमिनीवर?" वर चलबिचल झाली. "तिथे मांजर येतं. तुम्ही खाली असलात तर आम्हाला झोप लागणार नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुकुंदराव जाऊन शिडी घेऊन आले. शालनताईंनी पदर खोचला आणि त्या आधी चढल्या. वरून हात देऊन त्यांनी नवऱ्याला ओढून घेतलं. फांदी जाड होती. पिल्लं सरकली, जागा झाली, आणि मग दोन्ही बाजूंनी अंगाला येऊन चिकटली.

शेजारच्या गांगुर्डेकाकू वाटी घेऊन परसात आल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"शालनताई, विरजण होतं का जरा?"

"फ्रिजमध्ये आहे, घ्या," शालनताई वरून म्हणाल्या. "आणि जाताना बाहेरून कडी लावा."

काकूंनी विरजण घेतलं, कडी लावली, आणि पिल्लं जागी होऊ नयेत म्हणून फाटक अलगद ओढून घेतलं.